मेलेल्यानं मारलेली पाचर

"मेला म्हणजे मेला," काका म्हणाले आणि धपकन माझ्यावर बसले.

मी तिवई बोलतेय. यहुदी घरातली, तीन पायांची, बुटकी. आमच्यात कोणी गेलं की जवळच्यांनी सात दिवस जमिनीलगत बसायचं, आरसे झाकायचे, अंगातला कपडा फाडायचा. त्या बसण्यासाठी माझा जन्म. एरवी मी वर्षानुवर्षं माळ्यावर, डोक्यावर फुटक्या बादल्या घेऊन. धंदाच मरणाचा, त्याला मी काय करू? पण एक सांगते, दुःखानं माणूस हलका होतो हे साफ खोटं. मी तोललंय.

मला घडवलं या घरच्या मुलानं. बाप गेला तेव्हा तो सुतारकाम शिकत होता. प्रार्थनाघरातला जुना बाक मोडीत निघालेला, त्याच्या फळीतून त्यानं एका दुपारी मला उभं केलं, आईला बसायला. पुढे तो नावाजलेला सुतार झाला. आणि गेल्या आठवड्यात मुसलमान झाला.

"आई, मला तिथे शांत वाटतं," एवढंच त्यानं परवा येऊन सांगितलं.

आई दोन दिवस बोलली नाही. तिची कसर काकांनी भरून काढली. आज सकाळी त्यांनी फर्मान सोडलं: पुतण्या मेला असं धरायचं, सात दिवस बसायचं, आणि मग आईनं त्याला कधी दार उघडायचं नाही. आरसे झाकले. स्वतःचा सदरा फाडला, तोही जुना शोधून.

"आपल्या प्रार्थनाघरात आठवड्यातून एकदा यायचं तर त्याचे पाय दुखायचे," शेजारची पाववाली म्हणाली. "तिकडे दिवसातून पाचदा जातोय. आपलंच काहीतरी चुकलं असेल."

"तू गप्प बस," काका म्हणाले आणि सांत्वनाला आलेल्या धर्मगुरूंकडे वळले. "धर्मगुरू, तुम्ही सांगा."

"ग्रंथात दोन मतं आहेत," धर्मगुरू म्हणाले. त्यांच्या ग्रंथात नेहमीच दोन मतं असतात. "काही म्हणतात, बसावं. बाकीचे म्हणतात, वाट सोडली तरी माणूस आपलाच."

"मग पहिलं मत बरोबर," असं म्हणून काका ऐटीत मागे रेलले. तिवईला कधी पाठ असते का? कडकन माझा पाय निखळला आणि काका उताणे.

आता गंमत ऐका. वीस वर्षं या वस्तीत काहीही मोडलं की एकाच माणसाला हाक जाते. काकांनी जमिनीवर पडल्या पडल्या, सवयीनं, तीच हाक मारली, "अरे, बोलवा त्याला कोणीतरी."

पाववालीनं "कोणाला?" असं विचारलंसुद्धा नाही. फोन लावून मोकळी झाली.

तो पेटी घेऊन धावतच आला. झाकलेले आरसे पाहून दारात थबकला. "कोण गेलं?"



"तू," पाववाली म्हणाली.

"मी? कधी?"

"सकाळी नऊला. काकांनी सांगितलं."

त्यानं आईकडे पाहिलं. आई फरशीकडे बघत होती. त्याचा चेहरा एवढासा झाला. मग तो खाली बसला आणि मला मांडीवर उलटी घेतली. वीस वर्षांनी ते हात लागले. घरात शोक चाललेला आणि मला गुदगुल्या होत होत्या.

"सांधा सैल झालाय," तो हळूच म्हणाला. "नवशिका होतो तेव्हा." पाय जागेवर बसवला, पाचर मारली, तळहातानं दाबून पाहिलं आणि मला सरळ उभी केली. अशी ठणठणीत मी जन्मल्या दिवशीही नव्हते.

काका कंबर चोळत आले आणि पुन्हा माझ्यावरच बसले. "मेला म्हणजे मेला," म्हणाले.

तेव्हा आई उठली. दोन दिवसांत पहिल्यांदा तिचं तोंड उघडलं.

"भावोजी, माझा मुलगा मेला असेल तर ही तिवई अजून मोडलेलीच आहे, तिच्यावर बसू नका, आणि जिवंत असेल तर उठा, तो धावत आलाय, त्याला बसू द्या."