परत द्यायचा खेळ

"अगं, हा शिंकतोय! लवकर ये, शिंकतोय बघ!"

शेरेवाली तोंडातला ब्रश तसाच ठेवून धावत आली. सासूबाई खिडकीजवळच्या खुर्चीत होत्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालेला पाय स्टुलावर लांब केलेला, मांडीवर जपमाळ आणि हातात तळहाताएवढं ते खेळण्याचं यंत्र. पडद्यावर पहाटेचा निळसर उजेड पसरला होता आणि गवतात शेवाळाच्या गोळ्यासारखं काहीतरी बसलं होतं. दोन डोळे, डोक्यावर एकच पान. ते शिंकलं की पान थरथरायचं.

"आई, हा कुठे सापडला तुम्हाला?"

"मला कुठे सापडायला? जप आटोपला, तुम्ही दोघं घोरत होतात. तू रात्री टाकलेलं हे उचललं, बाण दाबला, तर हा समोर. सर्दी झालीय बिचाऱ्याला."

शेरेवालीने ब्रश काढून हातात घेतला. आठवडाभर ती त्याच गवतातून चकरा मारत होती आणि हा प्राणी तिला एकदाही दिसला नव्हता. खेळाच्या या दुसऱ्या भागात घड्याळ खरं चालायचं. बाहेर रात्र तर आतही रात्र. काही प्राणी फक्त पहाटेच बाहेर पडत, आणि पहाटे उठण्याचा नेम या घरात एकट्या सासूबाईंचा.

"जाळं टाका, आई. नाहीतर पळेल."

"जाळं टाकायला तो काय मासा आहे?"

"मग फळ ठेवा. पिशवीत आहे बघा. पण फळाला सहसा येत नाहीत."

सासूबाईंनी फळ ठेवलं. शेवाळाचा गोळा शिंकला, दोन पावलं पुढे आला, पुन्हा शिंकला आणि आपल्या पायांनी त्यांच्या बाजूला येऊन बसला. खेळाने विचारलं, नाव काय ठेवायचं?

"शेंबड्या," सासूबाई म्हणाल्या. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच.

शेरेवाली एका साप्ताहिकात नोकरीला होती. लागली होती मुद्रितं तपासायला. फार वर्षांपूर्वी या खेळाचा पहिला भाग आला. रानावनात हिंडून विचित्र प्राणी पकडायचे, पाळायचे, वाढवायचे आणि दुसऱ्यांच्या प्राण्यांशी झुंजवायचे. परीक्षण लिहायला ऑफिसात कुणी तयार होईना. "पोरखेळ आहे, कुणाच्या तरी गळ्यात बांधा," असं म्हणून संपादकांनी तो तिच्या गळ्यात बांधला. तिने घरी नेला, भाजी परतता परतता खेळली आणि लिहिलं की हा खेळ वाईट आहे, कारण माझी भाजी दोनदा करपली. वाचकांना ते इतकं आवडलं की तेव्हापासून येणारा प्रत्येक खेळ तिच्याच टेबलावर येऊ लागला. परीक्षणाच्या शेवटी ती शेरा देई म्हणून नाव पडलं शेरेवाली. आता नवी आलेली माणसं तिला खरं नाव विचारतसुद्धा नसत.

तिच्या परीक्षणाखाली एक चौकट असे, "घरातलं दुसरं मत." ते मत सासूबाईंचं. शेरेवाली प्रत्येक खेळ त्यांच्या हातात थोडा वेळ देई आणि त्या जे म्हणतील ते जसंच्या तसं छापी. बहुतेक वेळा छापून येई, "डोकं दुखतं." एका गाड्यांच्या खेळाला त्या म्हणाल्या होत्या, "एवढी घाई असेल तर लवकर निघावं." लोक आधी चौकट वाचत, मग परीक्षण.

खेळ असे कंपनीचा. दुकानात येण्याआधी कंपनी यंत्रासकट पाठवी, परीक्षण झालं की माणूस ऑफिसात येऊन घेऊन जाई आणि जाण्यापूर्वी तिच्यासमोर आतलं सगळं पुसून टाकी, कारण पुढच्या परीक्षकाला कोरं हवं. या खेपेला तो शुक्रवारी घरी येणार होता. शेरेवालीला यात काही वाटत नसे. भांडी घासून पालथी घालावीत तसं ते काम. पण या वेळी सासूबाईंना हे सांगायचं राहून गेलं होतं, आणि शेंबड्या आल्यापासून ते सांगायला जीभच वळेना.

कारण सासूबाईंचा नवा नेम सुरू झाला होता. पहाटे उठायचं, प्रार्थना, जप आणि मग शेंबड्याला फळ. कधीकधी जपाची माळ हातातच असे आणि अंगठा बटणावर.

"देवाच्या आधी याला देत नाही ना आई?" शेरेवालीच्या नवऱ्याने एकदा विचारलं. तो पाणीखात्यात होता आणि घरात फक्त चिडवायचं काम करी.

"देवाने कधी शिंकून मागितलं नाही," सासूबाई म्हणाल्या. "तू मात्र लहानपणी असाच होतास. नाक पुसायला मीच."

नवरा चहा घेऊन आत गेला तो बाहेर आलाच नाही.

पंचाईत अशी की पडद्यावर सहाच प्राणी बरोबर नेता येत आणि त्यातली एक जागा शेंबड्याने अडवली होती. सासूबाई त्याला झुंजू देत नसत. कधी तो मोठा व्हायला निघाला, अंगातून उजेड वगैरे फुटू लागला, की त्या लगबगीने नाहीचं बटण दाबत. "राहू दे रे आहे तसा. काय घाई आहे?"

"आई, याला थोडे दिवस खेळातल्या कोठीत ठेवू का? मला शेवटची झुंज जिंकायचीय. पाचांवर नाही जमत."

"कोठीत? तिथे दिवा असतो का?"

"दिवा... तसं काही दाखवत नाहीत."

"मग कसली कोठी! तू हर. हरलीस तर काय पगार कापतात?"

शेरेवाली हरली. पुन्हा हरली. तिसऱ्यांदा ऑफिसच्या जेवणाच्या सुटीत हरली, तेव्हा शेजारची टायपिस्ट म्हणाली, "आता हसतेस कशाला गं हरून?" तोपर्यंत आपण हसतोय हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी ती आंघोळीला गेली असताना फोन वाजला. ती बाहेर आली तेव्हा सासूबाईंनी फोन स्टुलावर ठेवला होता आणि यंत्र बंद करून त्यावर हात ठेवला होता.

"कंपनीचा होता कोणी. उद्या अकराला येतो म्हणाला. सगळं पुसून नेतात म्हणे."

केसांना गुंडाळलेला टॉवेल धरून शेरेवाली उभीच राहिली. "सांगणार होते, आई."

"केव्हा? पुसून झाल्यावर?"

"दुकानात आला की पहिल्या दिवशी आपला स्वतःचा आणू. तिथेही पहाटे निघेल तो. तसाच शिंकेल."

"तसाच निघेल गं. पण मला ओळखायचा नाही."

संपादकांना सांगून बघते, एखादा महिना ठेवायला मागते, असं शेरेवाली म्हणाली, तेव्हा सासूबाईंनी मान हलवली. "नको. दुसऱ्याची वस्तू वेळेवर परत जावी. त्यासाठी तू कुणापुढे तोंड वेंगाडायचं नाहीस."

दिवसभर दोघी एकमेकींशी नीट बोलल्या. मीठ कमी पडलं का, गोळी घेतली का, सगळं विचारून झालं. फक्त यंत्राकडे कुणी बघितलं नाही.

शुक्रवारी शेरेवाली आपणहून पहाटे उठली. सासूबाईंचा जप संपेपर्यंत ती दाराशी बसून राहिली. मग खुर्चीशेजारी दुसरं स्टूल ओढून तिने यंत्र सुरू केलं.

"आई, यात एक सोय असते. मी कधी वापरली नाही. प्राण्याला मोकळं सोडता येतं."

सासूबाईंनी चष्मा वर सरकवला. "म्हणजे पुसलं तरी तो आत नसेल?"

"तो रानात असेल."

त्यांनी जपमाळ बाजूला ठेवली. "मग जिथे भेटला तिथे ने. भलतीकडे सोडू नकोस, गोंधळेल."

शेरेवालीने शेंबड्याला त्या गवतापर्यंत नेलं. आतही पहाट होती. सासूबाईंनी स्वतः बटण दाबलं. खेळाने विचारलं, नक्की? त्यांनी पुन्हा दाबलं. शेंबड्या गवतात उतरला, एकदा शिंकला आणि पान हलवत झाडांत शिरला.

"गेला," सासूबाई म्हणाल्या. डोळे पुसायच्या ऐवजी त्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाल्या, "आणि बाकीचे?"

"बाकीचे झुंजीचे आहेत, आई. माझे."

"तुझे म्हणून पुसायचे?"

शेरेवालीने एकेकाला सोडलं. उडणाऱ्याला डोंगरावर, माशासारख्याला तळ्यात. सासूबाई जागा सुचवत होत्या आणि दोघींना जरा गंमतही वाटू लागली होती. शेवटी एकच उरला, पाठीवर दगड असलेला बेडूक. खेळ सुरू होतो तेव्हा, आपण घरातून निघताना, खेळातली आई जो पहिला प्राणी सोबतीला देते, तो. शेरेवालीने बटण दाबलं. खेळ म्हणाला, शेवटचा सोबती सोडता येत नाही.

तिने पुन्हा दाबलं. तेच उत्तर.

"याचं नाव काय?" सासूबाईंनी विचारलं.

"ठेवलं नाही. मी कुणाचंच ठेवत नाही. परत द्यायचे असतात ना."

अकराला कंपनीचा माणूस आला. तरुण, घामाघूम, खांद्याला पिशवी. सासूबाईंनी त्याला पंख्याखाली बसवलं, पाणी द्यायला लावलं आणि त्याच्या आईची चौकशी केली. त्याने यंत्र हातात घेतलं, दोन बटणांवर दोन अंगठे ठेवले आणि सवयीने विचारलं, "पुसू ना, मॅडम?"

एवढ्या वर्षांत शेरेवालीने या प्रश्नाला न बघताच हो म्हटलं होतं. आज तिच्या तोंडून निघालं, "एक मिनिट थांबता? आत एक आहे अजून."

माणूस गोंधळला. सासूबाई म्हणाल्या, "पाणी प्या हो तुम्ही सावकाश."

शेरेवाली यंत्र घेऊन उभ्या उभ्याच चालू लागली, पडद्यावर. तळ्याच्या काठाने, पुलावरून, जिंकलेल्या गावांतून, शेवटची झुंज हरली होती त्या वाड्याला वळसा घालून. बेडूक मागून उड्या मारत येत होता. पार पहिल्या गावात, पहिल्या घरापर्यंत ती आली. खेळ सुरू झाल्या दिवसानंतर तिथे फिरकायचं तिला कारणच पडलं नव्हतं. दार उघडलं. स्वयंपाकघरात आई उभी होती, पहिल्या दिवशी होती तिथेच. शेरेवालीने तिच्याशी बोलायचं बटण दाबलं.

"दमून आलात," पडद्यावरची आई म्हणाली. "जरा पडा दोघं."

पडदा हळूच काळोखा झाला आणि पुन्हा उजळला. बेडूक ताजातवाना होऊन चुलीशेजारी बसला होता.

"आईपाशी पोचवला," शेरेवाली म्हणाली.

सासूबाईंनी स्टुलावरचा पाय खाली घेतला. दुखत होता, तरी घेतला, आणि घरातून कुणी निघताना बसावं तशा त्या सरळ बसल्या.

शेरेवालीने यंत्र त्या माणसाच्या हातात दिलं आणि पहिल्यांदाच पडद्याकडे बघत म्हणाली, "हं. पुसा आता."