दोन स्टिअरिंगचं मांडूळ

आमच्या चिलखती गाडीला सगळे मांडूळ म्हणत. दोन्हीकडे तोंड! पुढे एक ड्रायव्हर, त्याच्याकडे पाठ करून मागे दुसरा, दोघांना आपापलं स्टिअरिंग. पत्रा बेताचाच; बंदुकीची गोळी अडेल, तोफेचा गोळा नाही. लढायला गाडी कुचकामीच. पण शत्रू कुठे दबा धरून बसलाय ते बघायचं आणि वळण्यात वेळ न घालवता आल्या पावली पळायचं, यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

पुढे माझे दाजी बसत, मागे मी. ताईचा नवरा आणि ताईचा भाऊ एकाच डब्यात कोंबणाऱ्या साहेबाच्या अकलेचं मला आजही कौतुक वाटतं. दाजी रोज चिडवत, "मेहुणे, आलेला रस्ता नीट पाठ करा हं!" मला ते जाम झोंबायचं.

त्या सकाळी आम्ही पुलाकडच्या गल्लीत शिरलो. दोन्हीकडे उंच भिंती, गाडी जेमतेम मावेल एवढी जागा. आमचे पायदळवाले गाडीच्या आडोशाने मागून चालत होते. गल्लीच्या टोकाशी पोचतो न पोचतो तोच हेडफोनमध्ये दाजी ओरडले, "समोर तोफ! घे तू, पळव!"

त्यांनी स्टिअरिंग सोडलं, मी धरलं. गाडी उसळली. पहिला गोळा भिंतीत फुटला. पायदळवाले जीव मुठीत धरून पळत सुटले आणि गल्ली मोकळी झाली म्हणेपर्यंत मला पत्र्यातल्या फटीतून त्यांच्यातले दोघं मागे राहिलेले दिसले. एका जखमीला काखेत धरून ओढत होते. मी हॉर्न दाबून धरला. बाजूला व्हायला त्यांना जागाच नव्हती.

मी ब्रेक मारला.

"थांबलास का रे?"

"आपली माणसं आहेत, दाजी. जखमीला नेतायत."

माझ्या पाठीशी अख्खी गाडी होती. दाजींच्या पुढ्यात नुसता तो पत्रा आणि त्यापलीकडे तोफ. घरी ताईचे दिवस भरत आले होते. तोफ पुन्हा भरायला फार वेळ लागत नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

मग दाजी हळूच म्हणाले, "थांब. जाऊ दे त्यांना."

त्या दोघांनी जखमीला एका दारात ओढून घेतलं. मी गाडी अशी सोडली की इंजिन किंचाळलं. दुसरा गोळा आम्ही उभे होतो तिथेच पडला.

छावणीत उतरल्या उतरल्या दाजींनी माझ्या कानाखाली सणसणीत आवाज काढला.

"मारता काय? तुम्हीच म्हणालात ना, थांब म्हणून!" मी भडकलो.

"माझी पाचावर धारण बसली होती रे. मला पळायचं होतं." ते चाकाला टेकून खाली बसले. "पण तू थांबला होतास. म्हटलं, मी गेलोच, तर ताईला सांगायला तुझ्याजवळ एवढं तरी असावं, की दाजीच थांब म्हणाले."