उजव्या फळीवरचा बिल्ला

"सरक की जरा. अख्खं गाठोडं तुझ्या एकटीच्या नावावर करून दिलंय का? माझी अर्धी बैठक हवेत आहे इथे."

"मग उभी राहा. दिवसभर इस्त्रीपाशी उभीच असतेस, आताच कुठून पाय दुखायला लागले?"

"दिवसभर उभी असते म्हणूनच दुखतात, शहाणे."

इस्त्रीवालीने काकूच्या बरगडीत कोपर घालून आपली जागा करून घेतलीच. एरवी काकूने आणखी एखादा टोला दिला असता. आज तिने नुसतं अंग चोरलं, आणि समोरच्या भिंतीकडे नजर जाऊ नये म्हणून स्वतःच्या चपलांकडे बघत राहिली.

लाँड्रीतला घडीचा हॉल मुळात बसण्यासाठी नव्हताच. इस्पितळांच्या चादरी, हॉटेलांचे टॉवेल, उशांचे अभ्रे, जे काही धुऊन वाळून इथे येई ते उभ्यानेच हाताळायचं. त्यामुळे सभेला जमलेली माणसं उद्याच्या मळक्या चादरींच्या गाठोड्यांवर बसली होती आणि वास येत नसल्यासारखं करत होती. खुर्च्या दोनच. एकीवर सुपरवायझर. दुसरी बारकीच्या आईसाठी पुढे आणून ठेवली होती, पण ती बसायला तयार नव्हती. घडीच्या लांब टेबलाला टेकून, तिच्या जुन्या जागी ती उभी होती. रिकाम्या खुर्चीकडे सगळ्यांचं लक्ष जात होतं, आणि तिच्यावर बसायची कुणाची छाती होत नव्हती.

बारकी अजून सापडली नव्हती. पहिले काही दिवस पोलिसांचे फोन यायचे. आता फोन करायची पाळी घरच्यांवर आली होती.

बारकी नावापुरतीच बारकी. चांगली उंच, खांद्याने रुंद, हसली की पार तिकडे धुलाईच्या मशीनपर्यंत ऐकू जायची. आई इथे घड्या घालायची तेव्हा ही टेबलाखाली टॉवेलांच्या ढिगात झोपायची, तेव्हाचं नाव चिकटलं ते चिकटलं. पुढे आईचे खांदे कामातून गेले आणि लेक तिच्या जागेवर उभी राहिली. समोर काकू होतीच. मोठ्या चादरीला दोघी लागतात. दोघींनी दोन-दोन कोपरे धरायचे, झटकायचं, चालत एकमेकींकडे यायचं, कोपऱ्याला कोपरा जुळवायचा, मागे जायचं, पुन्हा यायचं. समोरच्या त्या बाईला इथे जोडीण म्हणतात. काकू आधी आईची जोडीण होती, मग लेकीची. नवऱ्यापेक्षा जास्त वेळ जोडिणीचं तोंड बघावं लागतं, असं इस्त्रीवाली म्हणायची, आणि त्यातच सुख आहे, असंही.

"तर पुन्हा एकदा पहिल्यापासून बघू," मास्तर म्हणाले.

मास्तर शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, बारकीच्या घराच्या वरच्या मजल्यावर राहायचे. शोधाचं सगळं त्यांनी अंगावर घेतलं होतं. पॅकिंगचा तपकिरी कागद इस्त्रीच्या टेबलावर पसरून त्यांनी नकाशा काढला होता, आणि राहवत नाही म्हणून त्यात झाडंही काढली होती.

"हे आपलं फाटक. संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर मुलगी इथून बाहेर पडली. इथपर्यंत तरी नक्की?"

मागे कुणाला तरी खोकला आला.

"नक्की," सुपरवायझर म्हणाला. "माझी फळी खोटं बोलत नाही."

मास्तरांनी फाटकातून बाजाराकडे लाल खडूचा बाण काढला. आधीचा होताच, त्याच्यावरूनच पुन्हा गिरवला.

ती फळी म्हणजे समोरच्या भिंतीवर शेजारीशेजारी ठोकलेल्या दोन फळ्या, दोन्हीवर खिळे. प्रत्येकीचा आपला पितळी बिल्ला. सकाळी आलं की डाव्या फळीवरचा बिल्ला काढून उजव्या फळीवर लावायचा, संध्याकाळी जाताना परत डावीकडे. सुपरवायझर फळी बघायचा, माणसं बघायचा नाही. वाफेने चष्मा सारखा भरायचा त्याचा. दोष तरी काय देणार?

आणि फळी जितकी जुनी तितकीच दुसरी एक रीत जुनी होती. कुणाला उशीर झाला, कुणाचं मूल आजारी पडलं, तर तिचा बिल्ला तिच्या जोडिणीने लावून टाकायचा. याबद्दल कधी कुणी कुणाला विचारलं नाही, आभार मानले नाहीत. नव्या मुलीला घडी शिकवता शिकवता हेही कळून जायचं.

त्या दिवशी बारकी आली नाही. काकूने बिल्ला लावला. येईलच आता धापा टाकत, म्हणून वाट बघितली. दुपार झाली. काकूने अर्ध्या चादरींच्या घड्या इस्त्रीवालीला हाका मारमारून तिच्याबरोबर घातल्या, उरलेल्या एक टोक टेबलाच्या फटीत अडकवून एकटीनेच कशाबशा. सगळ्या टेबलाने ते बघितलं. संध्याकाळी जाताना काकूने दोन्ही बिल्ले डावीकडे आणले, मनातल्या मनात पोरीला चार शिव्या घालत. आणि दिवेलागणीला आई हॉलच्या दारात येऊन उभी राहिली; विसरलेला डबा न्यायला परत आलेली काकू तेव्हा आतच होती. "बारकी अजून आहे का आत?" सुपरवायझरने मान वळवून फळीकडे बघितलं. "वेळेवर गेली की."

तेव्हाच बोलायला हवं होतं. काकूने तोंड उघडलंही होतं. पण थोड्याच दिवसांपूर्वी मालकाने सगळ्यांना उभं करून सांगितलं होतं, दुसऱ्याचा बिल्ला लावताना कुणी सापडली तर अख्खं टेबल घरी पाठवीन, बाहेर माणसं रांग लावून उभी आहेत. इस्त्रीवालीच्या घरी अंथरुणाला खिळलेला सासरा. बाकीच्यांच्या घरीही काही ना काही खिळलेलंच. काकूला वाटलं, पोरगी रात्रीपर्यंत घरी येऊन बसेल, उगाच तिचीच नोकरी कशाला घालवा? सकाळ झाली तोवर सुपरवायझरचा शब्द पोलिसांच्या कागदावर चढला होता. मग जिभेवर आलेलं दर वेळी परत फिरायला लागलं. एकेका दिवसाने ते जडच होत गेलं.

"बाजारातल्या सगळ्या दुकानांत विचारून झालं," मास्तर सांगत होते. "संध्याकाळच्या बसच्या कंडक्टरांनाही फोटो दाखवला."

"सकाळच्या बसच्या कंडक्टरांना?" इस्त्रीवालीने विचारलं. आवाज तिने अगदी सहज ठेवला होता, भाजीचा भाव विचारावा तसा.

"त्यांना कशाला?"

"नाही, आपलं... माणूस काय, कुठेही दिसतं."

"ओ ताई, संध्याकाळी हरवलेली मुलगी सकाळच्या बसमध्ये कशी दिसेल?" औषधवाला हसला. कोपऱ्यावरचं औषधाचं दुकान त्याचं, आणि गावभरच्या कॅमेऱ्यांची माहितीही त्याच्याकडेच. "मी तर म्हणतो, आता तरी स्पष्ट बोलू या. तरुण मुलगी आहे. असेल कुणी."

"असेल तर तुमच्या पोटात का दुखतंय?" इस्त्रीवाली म्हणाली. "गोळ्या आहेत ना दुकानात? घ्या एखादी."

हशा पिकला, आणि आईकडे लक्ष जाताच मिटला. आई नकाशाकडे बघत होती.

"मी मदतच करतोय," औषधवाला जरा दुखावून म्हणाला. "बसस्थानकावरच्या कॅमेऱ्यातलं मीच काढून आणलं. त्या माणसाच्या किती मिनतवाऱ्या केल्या, मला विचारा. संध्याकाळचं सगळं उतरवून घेतलंय. बरं झालं वेळेत घेतलं, त्यांच्याकडे जुनं आपोआप पुसलं जातं. त्या दिवसाचं उद्या जाणार."

काकूची मान झटकन वर आली. "सगळंच जाणार?"

"सगळंच."

"मग सकाळचं पण घेऊन ठेवायचं होतं ना."

"सकाळचं घेऊन काय करू? सकाळी ती तुमच्यासमोर उभी होती की हो, चादर धरून!"

काकूने मान खाली घातली. शेजारी इस्त्रीवालीचा गुडघा हलायला लागला, त्याबरोबर गाठोडं हलायला लागलं, काकूही हलायला लागली.

"तरी असू द्या," इस्त्रीवाली म्हणाली. "पुसणारच आहेत, तर घेऊन ठेवा. खायला मागतंय का ते?"

"तो माणूस आधीच वैतागलाय. पुन्हा दारात गेलो तर कारण विचारेल. द्या कारण, आत्ता जातो."

मागे टॉवेलवाल्या दोघी एकमेकींच्या पदराशी चाळा करत बसल्या. पाण्याचा ग्लास हातोहात फिरला आणि न पिताच परत आला. कुणी पंखा वाढवायला उठलं, कुणी लगेच कमी करायला. मशीन बंद असूनही सगळ्यांचे आवाज मशीनच्या घरघरीवर बोलल्यासारखे चढलेले. काकूने सुपरवायझरकडे बघितलं. तो चष्मा पुसत होता. वाफ नसतानाही पुसत होता, आणि फळीकडे पाठ करून बसला होता. यालाही कळलंय की काय, असं तिच्या मनात येऊन गेलं. कळलं असेल तर त्याचीही सही त्या पोलिसांच्या कागदावर अडकलेली होती.

"मग ठरलं," मास्तर म्हणाले. "उद्या बाजाराच्या पलीकडे, नवीन वस्तीत. संध्याकाळच्याच वेळी जायचं, म्हणजे तेव्हा रस्त्यावर असणारी माणसं भेटतील."

त्यांनी खडू उचलला आणि बाण आणखी लांब केला. झाडांच्याही पुढे गेला तो. काकूला वाटलं, हा बाण असाच वाढत राहणार, कागद संपला तरी, आणि पोरगी भलतीकडेच राहणार.

तेवढ्यात टेबलापाशी कापडाचा झटका ऐकू आला.

बारकीच्या आईने धुतलेल्या ढिगातली एक चादर उचलली होती. हातांना रिकामं राहणं जमत नसावं. तिने दोन कोपरे धरून झटकली, पण खांदे वर जाईनात, आणि पलीकडची बाजू जमिनीवर लोळली.

"अहो, राहू द्या ते," सुपरवायझर म्हणाला. "बसा तुम्ही."

काकू उठली. उठायचं असं काही तिने ठरवलं नव्हतं. चादर लोळताना दिसली की तिचे पाय आपोआप चालायचे. तिने पलीकडचे कोपरे उचलले. दोघींनी चादर ताणली. आईचे हात छातीच्या वर येत नव्हते, म्हणून काकूनेही आपले खाली घेतले. मग दोघी चालत एकमेकींकडे आल्या आणि कोपऱ्याला कोपरा लागला. मास्तर वस्त्यांची वाटणी करत होते, कोण कुणाबरोबर जाणार यावरून कुरबुर चालली होती. इकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

"त्या दिवशी घड्या कुणाबरोबर घातल्यास गं?" आईने हळूच विचारलं.

काकू मागे गेली. चादर त्यांच्यामध्ये ताणली गेली. उत्तर द्यायला तेवढंच अंतर मिळालं, आणि तेही संपलं. पुन्हा समोर यावंच लागलं.

आईच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. घडी बरोबर आली की नाही हे बघावं तशी ती काकूच्या तोंडाकडे बघत होती.

"माझाही लावायचीस तू," ती म्हणाली. "हिला ताप असला की."

"हो."

"पण मी यायचे गं. कितीही उशीर झाला तरी यायचे."

काकूच्या हातून कोपरे सुटले नाहीत. तिने घडी पुरी केली, तळहाताने दाबली, टेबलावर ठेवली. मग फळीकडे वळली आणि इतके दिवस टाळलेल्या त्या भिंतीकडे पहिल्यांदा सरळ बघितलं. डाव्या फळीवर बारकीचा बिल्ला तिने लावला होता तसाच होता, थोडा तिरका.

गाठोड्यावरून इस्त्रीवाली तिच्याकडे बघत होती. तिचा गुडघा थांबला होता. नको म्हणायला तिने तोंड उघडलं असं काकूला वाटलं, पण तिने फक्त एकदा डोळे मिटून उघडले.

"मास्तर," काकू म्हणाली.

"थांबा हो काकू, एवढी वाटणी होऊ द्या."

"वाटणी राहू द्या. तो बाण खोडा आधी." ती औषधवाल्याकडे वळली. "आणि औषधवाले, तुम्ही उठा, आत्ताच्या आत्ता बसस्थानकावर जा. सकाळचं उतरवून घ्या. कारण विचारलं तर सांगा, बारकी त्या दिवशी कामावर आलीच नव्हती. तिचा बिल्ला मी लावला होता."