मिओवरच्या फुल्या

आई गेल्यानंतरच्या एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी आटोपले, त्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी तोमोएसान आल्या. बावीस वर्षं त्या आईच्या हाताखाली काम करत होत्या, तिला सेन्सेई, म्हणजे गुरू, म्हणायच्या. आईच्या मांगा चित्रकथांतली माणसं ती स्वतः काढायची. मागची घरं, छपरं, विजेच्या तारा तोमोएसान. फोटोसमोर उदबत्ती लावून झाल्यावर त्यांनी पिशवीतून तांदळाच्या चकत्यांचा पुडा काढला.

"दोन दिवस मुद्दाम उघडा ठेवला होता. सेन्सेईंना मऊ पडलेल्याच आवडायच्या."

"कुरकुरीत आणल्या असत्या तरी आता ती कुरकुरली नसती."

"जीभ आईचीच घेतलीस," त्या म्हणाल्या आणि चहासाठी बसल्या.

त्या मालिकेचं शेवटचं पान न्यायला आल्या होत्या. ते द्यायचं नाही, असं मी ठरवलं होतं.

शाळेत न जाणारी चार मुलं बंद पडलेल्या बोलिंगच्या हॉलमध्ये दिवस काढतात, एवढीच आईच्या मांगाची गोष्ट. मधे मधे थांबत ती बावीस वर्षं मासिकात चालली. सुरू झाली तेव्हा मी चौदाची होते. एकदा मी आईला सांगितलं, की वर्गात माझ्यासोबत कुणी डबा खात नाही, म्हणून मी तो संडासात बसून खाते. झाकण उघडल्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून आधी पाणी सोडते. दोन महिन्यांनी मासिकात मिओ नावाची मुलगी संडासात बसून डबा खात होती. झाकण उघडण्याआधी तिनं पाणी सोडलं. डब्यातली अंड्याची वळकटीसुद्धा माझीच होती.

वर्गातल्या मुलींनी ते वाचलं. देशभरातून मुलांची पत्रं आली, मिओमुळे आम्ही तग धरून आहोत अशी. ती पत्रं खोटी नव्हती, हे मला तेव्हाही कळत होतं. पण त्यानंतर मी आईशी हवापाण्यापलीकडे काही बोलले नाही, आणि तिच्या कामाच्या खोलीत पाऊल टाकलं नाही.

शेवटच्या भागाची पंधरा पानं तोमोएसाननी आधीच पूर्ण करून दिली होती. सोळावं आईनं इस्पितळात, जेवणाच्या सरकत्या टेबलावर काढलं. शाळेचं फाटक, त्यामागं सकाळचं ऊन, आणि फाटकात उभी मिओ. तिच्या चेहऱ्यावर, छातीवर, पायांवर पेन्सिलीच्या फुल्या होत्या. मी शिकवणीवर्गात उत्तरपत्रिका तपासते. बरोबर उत्तराला गोल, चुकीच्या उत्तराला फुली.

"तिनं मिओला काढून टाकलंय," मी पान पुढं सरकवत म्हटलं. "इतकी वर्षं वापरली आणि शेवटी चूक ठरवली. हे छापायचं नाही."

तोमोएसाननी चष्मा लावला, पान पाहिलं आणि त्यांना हसू आलं.

"अगं, ह्या फुल्या माझ्यासाठी आहेत. जिथं फुली तिथं काळी शाई भरायची. केस, गणवेश, सावल्या. मांगाकाराच्या घरात वाढलीस आणि एवढं माहीत नाही?"

"खोलीत कधी आले होते मी?"

"तेही खरं."

"पण चेहऱ्यावर?"

"ऊन पाठीमागून आहे ना. नुसती काळी आकृती दिसणार." त्यांनी पान जवळ धरलं. "मिओच्या चेहऱ्यावर मात्र त्यांनी आधी कधी फुली मारली नव्हती."

"मग आता का?"

"मला थोडंच सांगायच्या? भर म्हणायच्या, मी भरायची."

मी पान खिडकीशी नेलं. काळंच करायचं तर चेहऱ्याची नुसती कड पुरली असती. फुलीखाली आईनं तो पूर्ण काढला होता. माझ्या डाव्या भुवईतली खाच, डोळ्यांखालची सूज, ओठ आवळायची सवय. तो चेहरा चौदा वर्षांचा नव्हता. इस्पितळात मी खुर्चीवर बसून उत्तरपत्रिका तपासायचे, आणि आई डोळे मिटून पडली आहे असं समजायचे.

तोमोएसान मागं येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी पानावरून माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"मी दुसऱ्या कागदावर उतरवून घेते," त्या हळूच म्हणाल्या. "हे तू ठेव. संपादकांना काय पत्ता लागतोय."

ठेवलं असतं तर मी ते रोज काढून पाहिलं असतं. या घरात आता दुसरं कुणी माझ्याकडे पाहणारं नाही. पण या वेळी आईनं पाहिलं होतं आणि मग ते झाकायला सांगितलं होतं.

"यावरच भरा," मी म्हटलं.

"एकदा भरलं की गेलं बरं का."

"हो."

त्यांनी बुटांपासून सुरुवात केली. ब्रश गणवेशावरून गळ्यापर्यंत आला, तेव्हा त्यांनी वर पाहिलं. मी मान हलवली. शाई ओली होती तोवर पेन्सिलीच्या रेषा तिच्याखालून चकाकत राहिल्या. वाळल्यावर दिसेनाशा झाल्या. तोमोएसाननी पान पुठ्ठ्यात घातलं. चकत्यांचा पुडा त्यांनी माझ्यासाठी ठेवून दिला.

शेवटचा भाग वसंतात छापून आला. मासिकाकडून पत्रांचा गठ्ठा आला, तो मी जेवणाच्या टेबलावर वाचला. बऱ्याच जणांची तक्रार एकच होती: निदान शेवटी तरी मिओचा चेहरा दाखवायला हवा होता. एका मुलीनं विचारलं होतं, ती हसत होती की रडत होती, एवढंच सांगाल का?

ती हसतही नव्हती आणि रडतही नव्हती. पत्र आईच्या नावावर आलं होतं. मी ते घडी घालून परत पाकिटात ठेवलं.