गुडघ्यांमधला गडू

पितळेचा गडू गार होता, पोटाशी जरासा चेपलेला. आखाड्याच्या मातीवर उताणं पडून, गुडघे उभे करून जगदेवने तो दोन गुडघ्यांत धरला होता. "दाब," इंद्रभान वस्ताद म्हणाले. त्याने दाबला — आणि मांडी जिथे अंगाला येऊन मिळते त्या सांदीत कुणीतरी ओल्या दोरीला पीळ दिला.

चेहरा त्याने हलू दिला नाही. गडू मात्र घसरला.

"आता खोक." वस्तादांची बोटं जांघेच्या वर टेकलेली. जगदेव खोकला, आणि बाप आठवला... खोकताना पोटाखालचा फुगा हाताने दाबून धरणारा, ओझं उचलणं सुटलेला, ओट्यावर बसून दुसऱ्यांच्या बैलांना नावं ठेवणारा —

"अंतर्गळ नाही. बोटाले काहीच लागलं नाही. मांडीचं मांस ताणलं तुयं. टांग मारताना?"

"हो, वस्ताद. पन लंगोट कसून बांधला का दुखतच नाही."

"मंग लंगोटच लढून राह्यला न. तू कायले येतं? त्यालेच पाठव."

हसताना सांद ओढली, तरी जगदेव हसला. अंतर्गळ नाही! पाटाचं पाणी वाफ्यात शिरावं तसं ते अंगभर फिरलं. ताणलेलं मांस जुळतं, जुळणारच. वस्तादांनी चोळायची मनाई केली, शेक सांगितला, आणि रोज हा गडू दाबून पाहायला — लंगोट न बांधता. "दुखलं नाही त्या दिवशी आखाडा. तोवर जत्रेतली कुस्ती नाही."

जत्रेच्या आदल्या संध्याकाळी तुळसाबाईने तव्यावर गरम केलेली रुईची पानं नवऱ्याच्या, जगदेवच्या जांघेवर ठेवली. "मानोऱ्याचा खेमा पैलवान तुमालेच इचारून राह्यला म्हन्तात."

"इचारू दे."

ती उठून गेली. खुंटीवर लंगोट होता, तांबड्या मातीने रंगलेला. तो कसून बांधला की गडू दाबला जाईल, चेहरा हलणार नाही, वस्तादांना कळणारही नाही... त्याने तो उतरवला. कापडाला त्याची कंबर पाठ होती. इतकी वर्षं आपण याच्याकरवी अंगाला गप्प बस म्हणत आलो — आणि ते गप्प बसलं, त्यालाच जोर समजलो?

लंगोट उशाशी ठेवून तो आडवा झाला. गडू गुडघ्यांत घेतला. लांब कुठेतरी हलगी तापवून वाजवून पाहत होते. उद्या दुखणं झाकून आखाड्यात उतरायचं नाही, हे त्याचं ठरलं होतं. त्याने दाबलं नाही. गावाहून येणाऱ्या माणसाची दारात बसून वाट पाहावी, तसा मांडी आधी काय बोलते ते ऐकत राहिला.