डब्यातलं सरबत

आमच्या घरात डब्यावरची चिठ्ठी आणि आतला माल यांचं कधी पटलेलं नाही. 'कॉफी' लिहिलंय तिथे बटणं, 'साखर' लिहिलंय तिथे खिळे. निवृत्त झाल्यापासून माझे सासरे दिवसभर याच्यातलं त्याच्यात ओतत असतात. रिकामा डबा त्यांना बघवत नाही.

म्हणूनच माझ्या लेकीने 'मीठ' लिहिलेल्या डब्यात ताकदीची पावडर लपवली, तेव्हा स्वतःच्या हुशारीवर ती खूश झाली असणार. चारशे मीटर धावते, वय सोळा, अक्कल अजून यायची आहे. पावडर जिममधल्या कुठल्याशा दादाने दिलेली. महिनाभर ती गुपचूप पाण्यात घालून प्यायली, आणि खरंच सुसाट धावायला लागली. नाकही वर गेलं.

त्याच महिन्यात सासऱ्यांनी घरातले सगळे पंखे पुसले, कपाट एकट्याने सरकवलं आणि शेजाऱ्यांची गाडी न विचारता धुतली. मला वाटलं, म्हातारपण मानवलंय.

निवड चाचणीच्या आदल्या दिवशी प्रशिक्षकांनी सांगितलं, उद्या उत्तेजकांसाठी लघवीची तपासणी होणार. लेक घरी आली ती पांढरीफटक पडून. तिने पावडरीचं सगळं सांगून टाकलं आणि आता बंदी येणार, धावणं संपलं, म्हणून ढसाढसा रडली. मला तिच्या दोन मुस्काटात द्याव्याशा वाटत होत्या. मी तो डबा काढून ओट्यावर आपटला.

"ते सांडू नका, माझं सरबत आहे," सासरे म्हणाले.

मग उलगडा झाला. लेकीने डबा भरला त्याच दुपारी त्यांनी चव घेतली होती. आवडली, म्हणून पावडर स्वतःच्या बरणीत ओतली आणि डबा रिकामा राहू नये म्हणून त्यात लिंबू सरबताची पूड भरली.

लेकीचं रडं थांबलं. "म्हणजे महिनाभर मी सरबतावर धावले?"

"सरबतावर कसली? पायांवर धावलीस," सासरे म्हणाले.

तरीही तिने प्रशिक्षकांना सगळं सांगितलं, यथेच्छ बोलणी खाल्ली, धावली आणि निवडली गेली. तपासणीत काही निघालं नाही. सासऱ्यांना मात्र मी डॉक्टरकडे नेलं. रक्तदाब चढलेला होता, बरणी कचऱ्यात गेली.

त्या रविवारी ज्येष्ठांची चालण्याची शर्यत होती. सासरे बूट घालून तयार बसले होते. नातीने ते बूट काढून घेतले.

"आजोबा, तुमच्या अंगात औषध आहे. नियम म्हणजे नियम."

बंदी किती दिवसांची, एवढंच त्यांनी विचारलं. आता पंख्यांवर पुन्हा धूळ साचायला लागली आहे.