खोडलेले आजोबा

सातवीतल्या एका मुलीने प्रकल्पात लिहिलं होतं, की उन्हाळ्यात लंबकाचं घड्याळ मागे पडतं. ही माहिती कुणाकडून मिळाली, तेही तिने खाली लिहिलं होतं: ‘माझे आजोबा, घड्याळजी.’

"घरची माणसं चालत नाहीत, पुस्तकाचं नाव लिही," असं म्हणत प्रकल्प तपासणाऱ्या ग्रंथपालबाईंनी ती ओळ खोडली.

मुलीने दुसऱ्या दिवशी पुस्तकाचं नाव लिहून आणलं. बाईंना ते वाचावंसं वाटलं. त्यांनी कपाटं पालथी घातली, पण पुस्तक कुठेच सापडेना.

"कुठे मिळालं गं तुला हे?"

मुलगी रडवेली झाली. "मिळालं नाही, बाई. तुम्ही पुस्तकच हवं म्हणालात, म्हणून मी मनानेच नाव लिहिलं."

बाईंना स्वतःचंच शिकवणं आठवलं. ज्याचं श्रेय त्याला द्या, असं घसा कोरडा करून शिकवायचं आणि खऱ्या पोरीला आपणच खोटं लिहायला लावायचं!

त्यांनी वर्गासमोर चूक कबूल केली आणि आजोबांचं नाव पुन्हा लिहायला सांगितलं.

"आजोबांना मी यातलं काहीच सांगितलं नाही," लिहिता लिहिता मुलगी हळूच म्हणाली. "त्यांना वाईट वाटलं असतं."

बाईंना मान वर करवेना.